‘उत्तम निचऱ्याची माती’ : स्टडी एरिया चॅप्टरमधल्या एका वाक्याची चिकित्सा

विषय भूगोल असो, बॉटनी असो, पर्यावरणशास्त्र असो; मुंबई-ठाण्याच्या टेकड्यांवर केलेला कुठलाही प्रबंध उघडा. स्टडी एरियाच्या चॅप्टरमध्ये अक्षांश-रेखांश, हवामान, पर्जन्यमान असं एकेक ओलांडत गेलात की एक वाक्य हमखास भेटतं :

“अभ्यासक्षेत्रातील मृदा बेसाल्ट खडकाच्या विदारणातून तयार झालेली, तांबूस तपकिरी रंगाची, उथळ ते मध्यम खोल व उत्तम निचऱ्याची आहे.”

हे वाक्य मी कुणाच्या प्रबंधातून उचललेलं नाही, नमुना म्हणून स्वतःच जुळवलंय. पण तुम्ही ते वाचलेलं आहे. आणि उद्या पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा बहुतेक लिहिणारही आहात. म्हणून आज एखाद्या आख्ख्या पुस्तकाऐवजी या एका वाक्याची समीक्षा करू. जाता जाता ज्या नकाशावरून आणि ज्या संशोधनावरून ते येतं, त्यांचीही.

वाक्य खोटं नाही, हे आधीच सांगतो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये चढावर उभं राहून बघितलंत तर माती खरंच तांबूस आहे, उथळ आहे, आणि पाऊस थांबल्यावर तासाभरात पायाखाली चिखल राहत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या वाक्यात खडक, रंग, खोली आणि निचरा हे चार शब्द एका रांगेत, एकाच जातीचे असल्यासारखे बसवलेत. मूठभर माती पिशवीत घालून लॅबमध्ये आणली तर तिचा रंग तुम्हाला सांगता येईल, पोत सांगता येईल, पीएच काढता येईल. निचरा सांगता येणार नाही. तो पिशवीत येतच नाही, जागेवरच राहतो. निचरा हा मातीचा गुण नाही, जागेचा आहे. वर काय आहे, खाली काय आहे, उतार कुठे वळतो, यावर तो ठरतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे तीन शब्दही वेगळे वाचता येतात.

पहिला शब्द बेसाल्ट. हा पटकन उरकतो. महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या लाव्हाचा, आणि लाव्हा म्हणजे बेसाल्ट, असं आपण धरून चालतो. पण मुंबई उपनगरांतली भूशास्त्रीय भानगड जरा गुंतागुंतीची आहे. अंधेरीचा गिल्बर्ट हिल घ्या. तो खरोखर बेसाल्ट आहे. उभ्या खांबांचा, एकसंध, टणक. त्याच्या कड्यावर माती धरायला जागाच नाही. कान्हेरीची लेणी मात्र ज्वालामुखीय ब्रेशियात कोरलेली आहेत, म्हणजे स्फोटात फुटलेले तुकडे बारीक राखेत सांधले जाऊन झालेला खडक. आणि मढ-मनोरीकडे गेलात तर रायोलाइट आणि ट्रॅकाइट, म्हणजे सिलिका जास्त असलेले फिकट खडक भेटतात. एकाच जिल्ह्यात तीन जातींचे खडक, आणि ते झिजण्याची तऱ्हा तिघांची वेगळी. तेव्हा तुमचे सॅम्पलिंग पॉइंट पार्कमध्ये असतील तर “बेसाल्ट” लिहिण्याआधी हातोडीने एक ताजा तुकडा काढून बघा. नकाशावर जे छापलंय ते तुमच्या खड्ड्याखाली असेलच असं नाही.

दुसरा शब्द तांबूस. इथे थांबावं लागेल, कारण खरी गोष्ट इथे आहे.

शाळेपासून आपण पाठ केलंय : बेसाल्ट झिजला की काळी माती होते, रेगूर, कापसाची. परीक्षेत या उत्तराला मार्क मिळतात. मग बोरिवलीला, येऊरला, किंवा आरेच्या चढावर माती तांबडी कशी? खडक तोच (किंवा त्याचा चुलतभाऊ), पाऊस तोच. “मूळ खडक माती ठरवतो” हे सूत्र घराबाहेर पडल्या पडल्या कोलमडतं.

याचं एक जुनं आणि अजूनही कामाचं उत्तर आफ्रिकेतून आलं. जेफ्री मिल्न हा माणूस १९३०च्या दशकात आजच्या टांझानियात मातीचं सर्वेक्षण करत होता. डोंगरमाथ्यावर तांबडी, उतारावर बदलत जाणारी आणि तळाच्या सखल भागात काळी चिकण माती हा क्रम त्याला टेकडीमागून टेकडी दिसत राहिला. त्याने म्हटलं की या मात्या सुट्या नाहीत, साखळीच्या कड्या आहेत. म्हणून शब्द दिला ‘कॅटिना’, लॅटिनमध्ये साखळी. वर पडलेलं पाणी आत मुरतं, खडकातून सुटलेलं सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं आणि उतारावरून खाली निघून जातं. माथ्यावर मागे राहतात न विरघळणारे : लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाला हवा भरपूर मिळते, त्याचं हेमटाइट होतं आणि माती लाल दिसते. चिकण खनिजांत केओलिनाइट वाढतं, जे फुगत नाही, तडकत नाही. खाली जिथे पाणी थबकतं तिथे वरून आलेला सगळा ऐवज जमा होतो आणि स्मेक्टाइट तयार होतं. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी काळी माती ती हीच. (काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय कर्ब, हा अजून एक गैरसमज. आपल्या काळ्या मातीत तो बऱ्याचदा एक टक्काही नसतो.)

म्हणजे वरची माती तांबडी आहे कारण तिच्यातून जे निघून गेलं ते खालची घेऊन बसली आहे. रंग हा इथे निचऱ्याचा इतिहास आहे. आता आपलं वाक्य परत वाचा : “तांबूस तपकिरी… व उत्तम निचऱ्याची.” ही दोन वेगळी निरीक्षणं नाहीत. बहुतेक वेळा रंग बघूनच निचरा लिहिलेला असतो. एकच गोष्ट दोनदा सांगून पुरावा दुप्पट झाल्याचा भास होतो, एवढंच.

पण मिल्नचं उत्तर आपल्याकडे जसंच्या तसं पुरत नाही. ते का पुरत नाही हे दाखवणारा पेपर मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला सांगतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतल्या टी. भट्टाचार्य, डी. के. पाल आणि एस. बी. देशपांडे यांनी तो १९९३ साली ‘जर्नल ऑफ सॉइल सायन्स’मध्ये लिहिला. विषय : पश्चिम घाटात, दख्खनच्या बेसाल्टवर, शेजारी शेजारी असलेल्या लाल आणि काळ्या मात्यांमधली खनिजं.

या पेपरकडून शिकायची पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न कसा विचारायचा. आपण साधारणपणे विचारतो, “ही माती कशी तयार झाली?” यांनी विचारलं, “ही माती अजून शिल्लक कशी?” बघा, घाटात पाऊस प्रचंड, वर्षभर ऊब, निचरा उत्तम. थिअरी सांगते की इतक्या धुलाईत स्मेक्टाइट टिकायला नको. सगळं केओलिनाइटकडे आणि पुढे लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांकडे जायला हवं, कोकणातल्या जांभ्यासारखं. प्रत्यक्षात खोलगट जागांमध्ये काळी माती टिकून आहे. आणि गंमत म्हणजे शेजारच्या लाल मातीतलं चिकण खनिजसुद्धा शुद्ध केओलिनाइट नाही. स्मेक्टाइट आणि केओलिनाइटचे थर एकमेकांत गुंफलेलं, अर्ध्या वाटेवर थांबलेलं खनिज आहे. प्रवास सुरू झाला, पण पूर्ण झाला नाही.

त्यांचं उत्तर : झिओलाइट. लाव्हा थंड होताना वायूचे जे बुडबुडे अडकतात, त्या पोकळ्यांमध्ये नंतर पांढरी, गुलाबी स्फटिकं भरतात. त्यातली बरीचशी झिओलाइट कुळातली. त्यांच्यात कॅल्शियमसारखे घटक असतात आणि झिजताना ते हळूहळू सुटत राहतात. एका बाजूने पावसाचं पाणी कॅल्शियम धुऊन नेतंय, दुसऱ्या बाजूने झिओलाइट भर घालतंय. त्यामुळे स्मेक्टाइटचं रूपांतर पूर्णत्वाला जात नाही. १९९९मध्ये भट्टाचार्य, पाल आणि पी. श्रीवास्तव यांनी ‘जिओडर्मा’त हाच धागा पुढे नेला आणि घाटमाथ्यावरच्या लाल मात्या आजही त्या अवस्थेत टिकून राहण्याचं श्रेय झिओलाइटला दिलं.

मला हे उत्तर आवडतं. एक कारण स्थानिक अभिमानाचं आहे, लपवत नाही : कांदिवली, मालाड, जोगेश्वरीच्या जुन्या दगडखाणींतून निघालेली झिओलाइटं आणि त्यांच्यासोबतची खनिजं जगभरच्या संग्रहांत आहेत. खाणी बुजल्या, वर टॉवर आले, पण नमुने परदेशी म्युझियमच्या काचेत बसलेत. खरं कारण मात्र दुसरं आहे. हा पेपर नियमाला अपवाद सापडल्यावर “स्थानिक परिस्थितीमुळे” असं मोघम लिहून सुटत नाही. नेमकं कुठलं खनिज, त्यातून काय सुटतं, हे तो दाखवतो.

आता माझे आक्षेप. समीक्षा म्हटल्यावर ते हवेतच.

पहिला : या मांडणीत जमेची बाजू भक्कम आहे, खर्चाची बाजू गृहीत धरलेली आहे. झिओलाइट किती कॅल्शियम देऊ शकतं याचा विचार खनिजांच्या पुराव्यावर उभा आहे. पण पाणी किती कॅल्शियम नेतं, वरच्या खड्ड्यातून किती, खोलगट जागेतून किती, हे मातीच्या खड्ड्यातल्या खनिजांवरून थेट मोजता येत नाही. खड्डा हा एका क्षणाचा फोटो आहे. त्यावरून हजारो वर्षांचा सिनेमा सांगायचा तर मधली पानं तर्काने भरावी लागतात. हा दोष त्या तिघांचा नव्हे, पद्धतीचाच आहे. तरी वाचताना तो दिसला पाहिजे. आज एखाद्याने घाटातल्या एकाच उतारावर वर, मध्ये आणि खाली मातीतलं पाणी शोषून घेणाऱ्या नळ्या बसवल्या आणि पूर्ण पावसाळाभर त्यातलं कॅल्शियम आणि सिलिका मोजलं, तर या वादात खरी भर पडेल. विषय शोधताय ना? घ्या.

दुसरा आक्षेप पेपरवर नाही, त्याचा दाखला देणाऱ्यांवर आहे. झिओलाइट सगळीकडे सारखं नसतं. लाव्हाच्या थराच्या पोकळ्यांनी भरलेल्या भागात ते भरपूर असेल, त्याच थराच्या मधल्या घट्ट भागात जवळपास नसेल. तेव्हा “दख्खनच्या मातीत झिओलाइट असल्यामुळे…” अशी सुरुवात करून नंतर भट्टाचार्य व इतर, १९९३ असा दाखला ठोकणं म्हणजे त्यांच्या काळजीपूर्वक कामाचं पुन्हा “बेसाल्टपासून काळी माती” करून टाकणं. कान्हेरीच्या ब्रेशियावरच्या मातीला हे उत्तर लागू पडतं का, हा प्रश्न आहे. दाखला दिल्याने त्याचं उत्तर होत नाही.

आता नकाशाकडे येऊ, कारण विद्यार्थी पेपरपेक्षा नकाशावरून जास्त उतरवतात. त्याच नागपूरच्या ब्यूरोने राज्याराज्यांचे मृदा नकाशे १ : २,५०,००० या प्रमाणात केले. महाराष्ट्राचाही आहे, आणि काम म्हणून ते मोठंच आहे. पण प्रमाण समजून घ्या. नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर अडीच किलोमीटर. एक चौरस सेंटीमीटर म्हणजे सव्वासहा चौरस किलोमीटर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. म्हणजे त्या नकाशावर ते सतराच्या आसपास चौरस सेंटीमीटर भरेल. काडेपेटी ठेवलीत तर झाकून जाईल. तुमचा दहा मीटर बाय दहा मीटरचा क्वाड्रॅट तिथे शोधायला जाऊ नका.

नकाशा करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांच्या सूचीतल्या वर्णनात बहुधा दोन मात्या असतात : आधी प्रमुख माती, आणि मग “हिच्यासोबत” दुसरी. उदाहरणार्थ, चढावरची उथळ, उत्तम निचऱ्याची आणि तिच्या जोडीला सखल भागातली खोल, मंद निचऱ्याची. मिल्नची साखळीच ती, दोन ओळींत बसवलेली. आपले विद्यार्थी काय करतात? पहिली ओळ उतरवतात आणि “सोबत”च्या आधी पूर्णविराम देतात. साखळी तुटते ती सर्वेक्षणात नाही, कॉपी करताना.

राहिला शेवटचा शब्द, निचरा. याची व्याख्या बघितल्याशिवाय तो वापरणं मला खरंच धोक्याचं वाटतं.

मृदा सर्वेक्षणात निचऱ्याचे सात वर्ग आहेत. अमेरिकन कृषी खात्याच्या सॉइल सर्व्हे मॅन्युअलमधून ते जगभर पसरले. अतिनिचऱ्याच्या एका टोकापासून अत्यंत खराब निचऱ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत. हा वर्ग काय सांगतो? ती जमीन तिच्या नैसर्गिक स्थितीत किती वेळा आणि किती काळ ओलीचिंब राहते, ते. बस. ‘उत्तम निचरा’ म्हणजे पाणी सहज निघून जातं (फार झपाट्याने नव्हे) आणि पिकाच्या वाढीच्या काळात मुळांना गुदमरवेल इतका वेळ ते वरच्या थरांत थांबत नाही. पुरावा म्हणून मातीत राखाडी ठिपके शोधतात. पाणी साचून हवा तुटली की लोहाचा रंग जातो आणि ती जागा फिकट राखाडी पडते. असे ठिपके वरच्या थरांत नसले की निचरा चांगला.

म्हणजे हा वर्ग शेतीच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. तासाला किती मिलिमीटर पाणी मुरेल, हे तो सांगत नाही. त्यासाठी इन्फिल्ट्रेशन मोजावं लागतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तशा दिवशी काय होईल, हेही तो सांगत नाही. आणि उतार जागेवर राहील की नाही, हे तर मुळीच सांगत नाही.

कारण चढावरच्या या जमिनीला दोन मजले आहेत. वरून खाली या : पालापाचोळ्याखालचा वीतभर काळपट थर, मग तांबूस चिकणसर थर, मग मुरूम. मुरूम म्हणजे जागेवरच कुजलेला खडक. कांद्याच्या पाकळ्यांसारखे गोल पापुद्रे सुटतात, मूळ खडकाचा आकार दिसतो पण बोटाने चुरा होतो. इथपर्यंत पाणी खुशाल उतरतं. त्याखाली ताजा कातळ. तिथे पाण्याची वाट जवळपास बंद होते, फटी असतील तेवढीच.

कातळ पाणी किती धरतो हे बघायला उपकरण नको, कान्हेरीला जा. तिथे लेण्यांच्या बाजूला खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तिथल्या जुन्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलंय. पावसाचं पाणी पाटांनी आणून साठवायचं, भिक्खूंनी वर्षभर वापरायचं. खडक गळका असता तर हा सगळा उद्योग फुकट गेला असता. ज्या टेकडीवरच्या मातीला आपण उत्तम निचऱ्याची म्हणतो, तिच्याच खडकाच्या न निचरण्यावर एक आख्खा विहार कित्येक शतकं पाणी प्यायला. तीच गोष्ट पायथ्याच्या तलावांची. विहार १८६०मध्ये, तुळशी १८७९मध्ये. दोन्ही याच डोंगरांच्या मधल्या खोलात. माथ्यावरून ‘उत्तम’ निचरलेलं पाणी तिथे जमतं, आणि भरून वाहिलं की तुळशीकडून दहिसर नदीला, विहार-पवईकडून मिठीला जातं. निचरा म्हणजे पाणी नाहीसं होणं नव्हे, ते दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाणं.

आता जोराच्या पावसात काय होतं बघा. मुरमातून पाणी झरझर खाली जातं आणि कातळावर थबकतं. दोन थरांमध्ये कधीकधी तांबडा चिकण पट्टा असतो, दोन लाव्हांच्या मधला, तिथेही थबकतं. बाजूने निघून जायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा वरून येणारं पाणी जास्त झालं की सांध्यावर पाण्याची पातळी चढायला लागते. कणांच्या मधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सैल होते, आणि वरचा सगळा भार कातळावरून घसरू शकतो. लक्षात घ्या, हे सगळं काही तासांत, फार तर दिवस-दोन दिवसांत घडतं. एवढ्याशा वेळात राखाडी ठिपके उमटत नाहीत. म्हणजे सर्वेक्षणवाला खड्डा खोदून प्रामाणिकपणे “उत्तम निचरा” लिहील, आणि तोच उतार सांध्यावर पाण्याने फुगून सुटूही शकतो. दोन्ही एकाच वेळी खरं.

घाटकोपरच्या आझाद नगरमध्ये जुलै २०००मध्ये दरड कोसळून साठहून जास्त माणसं गेली. साकीनाक्याला २६ जुलै २००५च्या त्याच पावसात सत्तरहून जास्त. घाटात माळीण, ३० जुलै २०१४, दीडशेच्या आसपास. या प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी आणि एकाहून अधिक आहेत. शहरातल्या टेकड्यांचा पायथा घरांसाठी किंवा दगडासाठी कापला जातो, वरून सांडपाणी सोडलं जातं, नैसर्गिक ओहोळ बुजतात. आणि दुसरीकडे परवडत नाही म्हणूनच तिथे लोक राहतात. सगळा दोष मातीच्या माथी मारणं हे तर निचऱ्याच्या वाक्यापेक्षा वाईट संशोधन होईल. मी एवढंच म्हणतोय की आपल्या प्रबंधातलं वाक्य कधीकधी पर्यावरण अहवालात जातं, तिथून विकास आराखड्याच्या जोडपत्रात. तिथे बसलेला माणूस मृदाशास्त्र शिकलेला नसतो. त्याला “उत्तम निचरा” म्हणजे “पाण्याचा प्रश्न नाही” असंच ऐकू येतं.

इथे एक गोष्ट मला नेहमी खटकते. आपल्या कोकण-ठाण्याच्या शेतकऱ्यांकडे या जमिनींना शब्द होते आणि आहेत : वरकस, भाताची जमीन, खाजण. वरकस म्हणजे चढावरची. तिथे नाचणी, वरी घ्यायची, नाहीतर गवत-पाला काढून राबासाठी न्यायचा. खालची भाताची, कारण तिथे पाणी थांबतं. खाडीकाठची खाजण. या तिन्ही नावांत रंग नाही, खडक नाही. जागा आणि पाणी आहे. मिल्नने १९३०च्या दशकात जे शास्त्राला सांगितलं ते या वर्गीकरणात आधीच बसलेलं होतं. आणि आम्ही प्रबंधात ते ‘स्थानिक नावे’ या तक्त्यात टाकून पुढे जातो.

मग लिहायचं काय? पहिलं म्हणजे उतारावरची जागा : माथा, खांदा, मधला उतार की पायथा. दुसरं, खड्डा कातळाला लागेपर्यंत न्या. दीड मीटरवर दमून थांबलात तर तसं लिहा, “कातळ दीड मीटरपर्यंत लागला नाही.” सांध्याजवळ राखाडी किंवा काळे मँगनीजचे डाग आहेत का बघा. वरच्या थरात नसले तरी तिथे असू शकतात, आणि तेच सगळ्यात बोलके. तिसरं, तारीख. मे महिन्यात रिंग ठोकून मोजलेलं इन्फिल्ट्रेशन आणि तीन दिवसांच्या झडीनंतर ऑगस्टमध्ये त्याच जागी मोजलेलं, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. एकच आकडा देणार असाल तर कुठला ते सांगा. चौथं फुकट आहे : पावसाळ्यात रस्त्याकडेच्या कापलेल्या उतारांवर पाणी कुठल्या उंचीवरून पाझरतंय ते बघा. ती रेघ बहुतेक वेळा मुरूम आणि कातळाच्या सांध्याची असते. एका फोटोत ती दिसते.

हे सगळं केलंत तर वाक्य साधारण असं होईल : “मधल्या उतारावरील, ज्वालामुखीय ब्रेशियावर जागेवरच तयार झालेली तांबूस तपकिरी माती; मुरूम अमुक सेंटीमीटरपासून, कातळ अमुकवर; वरच्या थरांत ओलीची लक्षणे नाहीत, सांध्यालगत राखाडी डाग आहेत; ऑगस्टमध्ये सांध्यावर पाझर दिसला.” लांब आहे, मान्य. गाइड कदाचित म्हणतील की स्टडी एरियात एवढं कशाला. पण व्हायव्हाला एक्स्टर्नलने “निचरा कसा ठरवलात?” विचारलं तर तुमच्याकडे सांगायला काहीतरी असेल. नकाशावरून घेतला, हे उत्तर तिथे फार वेळ टिकत नाही.

पार्कच्या हद्दीत खड्डा खोदायचा तर वनविभागाची लेखी परवानगी लागते, साधा ऑगर टोचायचा असला तरी आधी विचारा. मे महिन्यात अर्ज करून जूनमध्ये खड्डा होत नाही. दिवाळी झाली की लागा कामाला. तोवर हद्दीबाहेरचे कापलेले उतार बघून घ्या. पावसात मात्र त्यांच्या खाली उभे राहू नका, समोरच्या बाजूने बघा.